‘ओरडून काय होणार?’ म्हणणाऱ्यांना

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यात तीन गोष्टी आहेत. व्हॉट्सॲप फुकट वापरता, मग माहिती घेतली तर कुरकूर कशाला? लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं काय? आणि एवढ्या मोठ्या कंपन्यांपुढे आपण ओरडून होणार काय?

शेवटचं आधी घेते, कारण ते साफ खोटं आहे आणि तेच ऐकून माणसं गप्प बसतात. जानेवारी २०२१ आठवा. व्हॉट्सॲप उघडलं की आपली काही माहिती फेसबुकला देण्याच्या नव्या धोरणाची सूचना यायची: ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर वापर बंद. लोक भडकले, भराभर सिग्नल आणि टेलिग्राम डाउनलोड करू लागले. कंपनीला वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन खुलासा करावा लागला, मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली आणि मे उजाडल्यावर कुणाचंही खातं बंद करणार नाही, असंही सांगावं लागलं. मार्चमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या दादागिरीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, स्वतःहून चौकशी लावली. १८ नोव्हेंबर २०२४ ला मेटाला, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड झाला. ‘मान्य करा नाहीतर निघा’ ही खरी संमती नव्हे, हे आयोगाने मान्य केलं. व्हॉट्सॲपवरची माहिती जाहिरातींसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावर आयोगाने पाच वर्षांची बंदीही घातली होती; ती २०२५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने उठवली, हे मला खटकतं. पण दंड त्यांनीही कायम ठेवला. याला ‘काही होत नाही’ कसं म्हणायचं?

फुकटचं म्हणाल, तर ॲप युरोपातही फुकटच आहे. तरी आयर्लंडच्या माहिती-संरक्षण नियामकाने सप्टेंबर २०२१ मध्ये याच व्हॉट्सॲपला २२.५ कोटी युरोंचा दंड केला. तो दंड कशासाठी होता? लोकांच्या माहितीचं आपण काय करतो, हे त्यांना नीट न सांगितल्याबद्दल.

आता लपवण्याचं. मेसेजचा मजकूर कंपनीला वाचता येत नाही, हे खरं आहे. २०१६ पासून ते कुलूप आहे. पण सेटिंग्जमध्ये जाऊन आपल्या खात्याच्या माहितीचा अहवाल मागवून पाहा. साधारण तीन दिवसांत येतो. मी मागवला. त्यात एकही मेसेज नाही. आहेत ते माझ्या संपर्कांचे नंबर, फोनची माहिती आणि ग्रुपांची नावं: सोसायटी, भिशी, मुलीच्या वर्गाचे पालक, डायलिसिसच्या पेशंटांचे नातेवाईक. एवढ्यावरून मी कुठे राहते, लेक कुठल्या शाळेत जाते आणि घरात कोण आजारी आहे, हे कुणालाही कळेल. यात लाज वाटावी असं काही नाही. तरी ही यादी मी एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या हातात देणार नाही.

आणि हा अहवाल मागवायची सोयही कंपनीने आपण होऊन दिलेली नाही. ती आली २०१८ मध्ये, युरोपचा माहिती-संरक्षणाचा नवा कायदा लागू होत होता तेव्हा.