धुळीचे वजन कळते, तिच्यातले विष कळत नाही

हवेच्या प्रदूषणाचा आकडा आता अनेकांच्या मोबाइलवर असतो, आणि तो आपण तापमान पाहावे तितक्या सहजपणे पाहतो. त्यातला पीएम २.५ चा आकडा मात्र केवळ एवढेच सांगतो की एक घनमीटर हवेत २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण किती मायक्रोग्रॅम आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मार्गदर्शक पातळी १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, ती योग्यच होती; पण तीही वजनाचीच पातळी आहे. समुद्राच्या फवाऱ्यातून आलेले मीठ आणि स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगच्या धुरातले क्रोमियम या वजनात एकसारखेच मोजले जातात, याची मला मनापासून चिंता वाटते.

हवेतले कण मोजणारे स्वस्त संवेदक बाजारात आहेत, परंतु ते बहुतेक प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा वाढतो. कण कशाचा आहे हे मात्र त्यांना कळत नाही. ते कळण्यासाठी फिल्टरवर धूळ गोळा करून, ती आम्लात विरघळवून, महागड्या यंत्रावर तपासावी लागते. निकाल येईपर्यंत ती हवा श्वासातून आत जाऊन बराच काळ लोटलेला असतो.

म्हणूनच कागदी संवेदकांचे, म्हणजे धुळीत कोणता धातू आहे हे रंग बदलून दाखवणाऱ्या कागदांचे, काम मला अत्यंत महत्त्वाचे वाटते. २००७ मध्ये हार्वर्डमधील रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने कागदावर पाणी ओलांडू शकणार नाही अशा रेषा आखून द्रवाला ठरलेल्या वाटेने नेण्याची पद्धत मांडली; पुढे त्या रेषा मेणाच्या छपाईने काढता येऊ लागल्या. पंप लागत नाही, कारण कागदाचे तंतूच केशाकर्षणाने थेंब ओढून घेतात. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील चार्ल्स हेन्री आणि जॉन व्होल्कन्स यांच्या गटांनी हीच पद्धत हवेतल्या कणांमधील धातूंसाठी वापरली. फिल्टरवरची धूळ विरघळवून तिचा थेंब मध्यभागी सोडला की तो वेगवेगळ्या कप्प्यांत पसरतो. प्रत्येक कप्प्यात एकेका धातूशी रंग देणारे रसायन असते: डायफेनिलकार्बाझाइड असलेल्या कप्प्यात षट्संयुजी क्रोमियममुळे (क्रोमियमच्या विषारी रूपामुळे) जांभळट रंग उमटतो, डायमिथाइलग्लायॉक्झिम असलेल्या कप्प्यात निकेलमुळे गुलाबी-लाल, आणि फेनॅन्थ्रोलिन असलेल्या कप्प्यात लोहामुळे नारिंगी. कल्पना तशी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञ शॉनबाइन यांनी पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेल्या कागदाच्या निळ्या रंगावरून ओझोन ओळखला होता. मला सर्वांत आवडलेली सुधारणा म्हणजे रंगाच्या गडदपणाऐवजी रंगीत पट्ट्याची लांबी मोजण्याची पद्धत, कारण रंगाची छटा पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि खोलीतल्या उजेडावर अवलंबून असते, लांबी मात्र साध्या पट्टीने मोजता येते.

उणिवाही गंभीर आहेत. एका धातूची अभिक्रिया दुसरा धातू बिघडवू शकतो, म्हणून त्याला आधी बांधून ठेवणारी रसायने कागदावर घालावी लागतात. उष्णता आणि प्रकाश यांमुळे रंग देणारी ही रसायने कालांतराने निकामी होऊ शकतात. शिवाय कागद स्वस्त असला तरी त्यावर तपासायची धूळ गोळा करणारा पंप आणि फिल्टर तितके स्वस्त नाहीत, ही बाब उत्साहाच्या भरात हमखास विसरली जाते. त्यामुळे कागदावर रंग उमटला नाही म्हणून हवा स्वच्छ ठरवणे चुकीचे आहे, आणि रंग उमटला तर नमुना प्रयोगशाळेत पडताळलाच पाहिजे.

हे कागद सर्वांत आधी कोणाच्या हाती जावेत, याबाबत माझे मत ठाम आहे. वेल्डिंग, मुलामा देणे, भंगार वितळवणे अशी कामे करणाऱ्यांच्या श्वासात हे धातू सर्वसामान्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात जातात. षट्संयुजी क्रोमियमची आणि निकेलची संयुगे माणसात कर्करोग निर्माण करतात, असे कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने निःसंदिग्धपणे नोंदवले आहे; २०१७ मध्ये तिने वेल्डिंगच्या धुरालाही त्याच गटात ठेवले. कॉलरला फिल्टर आणि कमरेला लहान पंप लावून कामगाराच्या श्वासाजवळची हवा गोळा करण्याची पद्धत रूढ आहेच. तिला कागदी तपासणीची जोड मिळाली, तर कामाची पाळी संपण्याच्या सुमारास निकाल हाती येऊ शकेल, आणि दुसऱ्या दिवशी धूर ओढून घेणारी यंत्रणा सुरू आहे की नाही हे विचारायला कामगाराजवळ पुरावा असेल. तो कागद व्यवस्थापनाच्या फायलीत जाण्यापूर्वी, ज्याने दिवसभर तो फिल्टर अंगावर वागवला त्याला दाखवला गेला पाहिजे, आणि हा नियम तपासणीच्या पद्धतीतच लिहिलेला असावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.