कोणाला काय झालं?

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्यानं विचारलं, दांडिया बाजारच्या घरामागची शेड काढायची आहे, जुने सिमेंटचे पत्रे फोडून मलब्यात टाकले तर चालतील ना? मी मँचेस्टरजवळच्या माझ्या स्वयंपाकघरातून लिहिलं, फोडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे, म्हणजे बारीक तंतूंचं खनिज, त्याची धूळ श्वासात गेलेली वाईट. दोन मिनिटांत दादाचं उत्तर आलं. दादा म्हणजे भाच्याचे वडील, माझा चुलतभाऊ. "अर्धं बडोदं या पत्र्यांखाली मोठं झालं. कोणाला काय झालं?"

पुढची चर्चा ठरलेल्या वाटेनं गेली. एकानं लिहिलं, परदेशी कंपन्यांना त्यांचे महागडे पत्रे खपवायचेत म्हणून ही भीती घालतात. दुसरी म्हणाली, साठाहून जास्त देशांनी बंदी घातली आणि आपण अजून रशियातून जहाजं भरून आणतोय. तिसऱ्यानं गरिबाच्या छपराचा मुद्दा काढला. मग कोणीतरी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात टाकलं आणि विषय मिटला.

पत्र्याबद्दल दादा अगदीच चूक नाही. धड पत्रा डोक्यावर आहे म्हणून कोणी मरत नाही. त्यातले तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. धोका तो कापताना, भोक पाडताना, हातोड्यानं फोडताना. उत्तरायणाला पतंगामागे पत्र्यावर चढलो की आजी ओरडायची, "उतर, फुटेल!" तिला भीती आम्ही खाली पडू याची होती. फुटलेल्या पत्र्याची धूळ कोणाच्या गावीही नव्हती.

पण दादाच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित त्याच्याच घरात होतं.

त्याचे वडील, माझे काका, लॅगिंगचं काम करायचे. बॉयलर आणि वाफेचे पाइप उष्णता धरून ठेवतील असा जाड लेप त्यांच्यावर चढवायचा. ठेकेदार नेईल तिकडे जायचं. गोणीतली अ‍ॅस्बेस्टॉसची पांढरी पूड घमेल्यात पाण्यानं कालवायची आणि हातानं थापायची, सांध्यांना दोरी गुंडाळायची, जुना लेप असला तर आधी तो ठोकून काढायचा. काका घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. काकू कपडे भिजवण्याआधी चौकात झटकायची आणि आम्ही पोरं तिथंच खेळत असायचो. १९७७ साली त्यांनी ते काम सोडलं आणि रावपुऱ्यात वह्या-पेनांचं लहानसं दुकान टाकलं.

१९९६ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांना माडीवर चढताना मध्येच थांबावं लागू लागलं. उजव्या खांद्याच्या खाली बोथट दुखायचं, शेक दिला तरी हटत नसे. कोरडा खोकला, रात्री घाम, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. एक्स-रेत उजवी बाजू पांढरी दिसली, पाणी भरलं होतं. पाणी काढलं, दोन दिवस बरं वाटलं, पंधरा दिवसांत पुन्हा भरलं. थुंकीत काही सापडलं नाही, तरी टीबीची औषधं सुरू झाली. पाचव्या महिन्यात काका गेले. "टीबीनं गेले" असं आम्ही अजून म्हणतो.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. आपल्याकडे एका बाजूला पाणी झालं की शहाणा डॉक्टर आधी टीबीच धरतो, आणि बहुतेक वेळा तेच असतं. ताप, घाम, खोकला, वजन उतरणं या खाणाखुणा दोन्हीकडच्या सारख्याच. पाण्याची एडीए नावाची चाचणी टीबीकडे बोट दाखवते खरी, पण फुफ्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरमध्येही ती कधीकधी वाढलेली येते. त्या कॅन्सरला मेसोथेलिओमा म्हणतात. तो पक्का ठरतो आवरणाचा तुकडा काढून तपासल्यावर. औषधं चालू असूनही पाणी परत परत भरतंय आणि टीबीचा जंतू कुठंच सापडत नाही, तर तो तुकडा काढायला हवा. हे मला आज कळतं. तेव्हा पाच महिन्यांत काकांना कोणी विचारलं नाही, "तुम्ही पूर्वी काय काम करायचात?" आम्हीही सांगितलं नाही. वह्या विकणाऱ्या माणसाच्या छातीशी वीस वर्षांपूर्वीच्या घमेल्याचा काय संबंध?

संबंध असतो, आणि तो असाच उशिरा उगवतो. तंतू श्वासातून आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत वीस ते पन्नास वर्षं जातात. माणूस तोवर निवृत्त झालेला, गाव बदललेला, ते काम विसरलेला असतो. कपडे धुणाऱ्या बायकांनाही तो झालेला आहे. पोटाच्या आवरणातही होतो, मग पोट फुगतं आणि दुखतं. बिडी-सिगारेटनं मेसोथेलिओमा होत नाही, पण अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ खाल्लेल्यानं बिडी ओढली तर फुफ्फुसाच्या साध्या कॅन्सरचा धोका अनेक पटींनी चढतो. हा आजार दुर्मीळ आहे हेही सांगायला हवं. जिना चढताना लागणारी धाप बहुतेकांची हृदयाची, दम्याची, रक्त कमी असल्याची निघते.

मी इथं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तीन आठवड्यांहून जास्त खोकला टिकला की दाखवा, हे इथं लोकांच्या अंगवळणी पडलंय. म्हातारा माणूस धाप लागते म्हणून आला, तर शाळा सोडल्यापासून कुठं कुठं काम केलं हे डॉक्टर विचारतात. प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन, गोदीतले कामगार. मेसोथेलिओमानं माणूस गेला तर मृत्यूची सरकारी चौकशी होते. २०१४ साली कायदा झाला, की मालक किंवा त्याचा विमावाला सापडत नसेल तरी रोग्याला भरपाई मिळावी.

हे वाचून ग्रुपवरचं कोणीतरी "तिकडे सगळं छानच" म्हणणार. छान वगैरे काही नाही. माझ्या घरापासून तासाभरावर रॉचडेल आहे. तिथं अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली केर्शॉ १९२४ साली तेहतिसाव्या वर्षी वारली, आणि तिच्या फुफ्फुसात काय सापडलं ते त्याच वर्षी डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आली १९९९ साली. मध्ये ७५ वर्षं. तेवढ्यात या देशानं तो शाळांत, इस्पितळांत, घरांच्या छतांत भरून ठेवला, आणि अजून वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मेसोथेलिओमानं जातात. यांनी विचारायला सुरुवात केली ती प्रेतं मोजून मोजून.

आपल्याकडे कागदावर काहीच नाही असंही नाही. १९९५ साली अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवा. आजार निघाला तर भरपाईही सांगितली. पण काकांचं नाव ठेकेदाराच्या हजेरीच्या वहीत होतं, आणि ती वही ठेकेदाराबरोबर गेली. निकाल वाचला तेव्हा मला आधी ती वहीच आठवली.

बंदी यावी असं मला वाटतं. पण बंदी आज आली तरी १९७५ साली आत गेलेला तंतू बाहेर येत नाही. म्हणून पत्र्यावरच्या वादात माझा जीव रमत नाही. मला पाहिजे ती केसपेपरवरची एक ओळ: पूर्वीचं काम. त्याला ना रशियाची परवानगी लागते, ना गरिबाचं छप्पर हलवावं लागतं. डॉक्टर विचारत नसतील तर आपण सांगावं.

हे ग्रुपवर लिहिण्यापेक्षा मी दादाला फोन केला. त्याला सदुसष्ट पूर्ण झाली. कॉलेजच्या सुट्टीत तो काकांबरोबर घमेली उचलायला जायचा, ते त्याला आधी आठवेना. मग आठवलं. धाप लागते का विचारलं तर म्हणाला, "वय झालं गं."

"लागते का?"

"जिन्यावर. थोडी."

मी म्हटलं, बहुतेक काही नसेल, पण एक्स-रे काढ, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांग, की १९७४ ते ७६ सुट्टीत बॉयलरच्या लॅगिंगवर होतो, अ‍ॅस्बेस्टॉसची पूड कालवायचो. तो लिहून घेत होता, कागदाचा आवाज येत होता.

"आणि पत्रे?" मी विचारलं.

"पाणी मारून अख्खेच उतरवलेत. प्लास्टिकात गुंडाळून ठेवलेत चौकात," तो म्हणाला. "आता घेऊन जायला कोणी तयार नाही."