साक्षीदाराचं प्रत्यार्पण होत नसतं

कॅनडातल्या सायप्रेस हिल्स या टेकड्यांमधल्या हत्याकांडाची गोष्ट बहुतेक वेळा अशी सांगतात: 'खून कॅनडात झाले, साक्षीदार मोंटानात दडून बसले, अमेरिकेने ते सोपवले नाहीत, म्हणून खुनी सुटले. आणि याच हत्याकांडातून कॅनडाचे घोडेस्वार पोलीस जन्माला आले.' यातलं खून कॅनडात झाले आणि खुनी सुटले एवढंच बिनचूक आहे.

लांडग्यांना स्ट्रिक्निन हे विष घालून कातडी विकणारी, मोंटानातल्या फोर्ट बेंटन गावची टोळी, चोरीला गेलेल्या घोड्यांचा राग आणि भरपूर व्हिस्की. १ जून १८७३ला या टोळीने नाकोडा या आदिवासींच्या तळावर गोळ्या झाडल्या. टोळीतला एकच मेला, एड ग्रेस.

आता साक्षीदार 'सोपवण्या'बद्दल. तेव्हा लागू होता अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातला १८४२चा वेबस्टर-ॲशबर्टन करार. त्याच्या दहाव्या कलमात खून, खुनाच्या इराद्याने हल्ला, चाचेगिरी, जाळपोळ, दरोडा, बनावट दस्त अशी यादी आहे, आणि या गुन्ह्यांचा आरोप असलेल्यालाच मागता येतं. ज्याने नुसतं पाहिलं, त्याला कुठल्या गुन्ह्याखाली मागणार? कॅनडातल्या कोर्टाचं समन्स एकोणपन्नासाव्या अक्षांशापलीकडे, म्हणजे सरहद्दीपलीकडे अमेरिकेत, कागदाचा कपटाच. साक्षीदार राजीखुशीने आला तर आला. आणि ज्याला उद्या त्याच फोर्ट बेंटनमध्ये धंदा करायचाय, तो कशाला राजी होईल?

कॅनडाने मागितले ते आरोपी. १८७५ साली मोंटानातल्या हेलेनात पाच जणांची सुनावणी झाली. व्यापारी एब फारवेल, ज्याच्या ठाण्याशेजारी हे घडलं, तो दडला नव्हता. सरकारी बाजूची मुख्य साक्ष त्याचीच. घोडं अडलं ते पुराव्यात. पहिली गोळी कुणाची, यावर जबान्या जुळेनात. आरोपी जिथे सापडला तिथल्या कायद्याने खटला उभा राहील इतका पुरावा करार मागत होता. पाचही सुटले. मोंटानाची सहानुभूती कुणाकडे होती, हे उघडच होतं: सुटलेल्यांचं फोर्ट बेंटनमध्ये जंगी स्वागत झालं, आणि कॅनडाचे पोलीस अधिकारी मॅक्लाउड यांनाच हेलेनात थोडा वेळ अटकेत राहावं लागलं.

तरीही सगळं खापर सरहद्दीवर फोडता येत नाही. आणखी तिघे कॅनडाच्या हद्दीतच सापडले होते, त्यांच्यासाठी प्रत्यार्पणाची गरजच नव्हती. १८७६ साली विनिपेगला खटला चालला. तेही निर्दोष सुटले.

राहिला पोलिसांचा जन्म. त्यांचा कायदा मंजूर झाला २३ मे १८७३ला, हत्याकांडाच्या नऊ दिवस आधी. बातमी ओटावाला पोचली ऑगस्टअखेरीस. तिने भरतीची घाई झाली, एवढं म्हणा.