मेडिकल की टेक्नॉलॉजी? आवडता विषय बघून ठरवू नका

बायो आवडतं म्हणून डॉक्टर आणि मॅथ्स आवडतं म्हणून इंजिनिअर, एवढ्या एका वाक्यावर मुलं पुढची दहा-पंधरा वर्षं ठरवून टाकतात आणि मला दर वेळी त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं की अरे बाबा, आवडता विषय वेगळा आणि रोज करायचं काम वेगळं. मी हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये काम करते, म्हणजे सकाळी डॉक्टरांबरोबर मीटिंग आणि दुपारी प्रोग्रामर्सबरोबर. दोन्हीकडची माणसं रोज जवळून बघते म्हणून जरा सविस्तर लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

डॉक्टरचा दिवस माणसांत जातो. घाबरलेली, चिडलेली, अर्धंच सांगणारी, नेटवर वाचून आलेली माणसं. तोच ताप, तोच खोकला, तीच शुगर, आणि तरी चाळिसाव्या पेशंटचं पहिल्याइतकंच नीट ऐकायचं, कारण तो चाळिसावा ॲसिडिटी झालीय म्हणत येतो आणि निघतो हार्ट अटॅक. बायोलॉजी लागतेच, पण ती पाठीमागे असते, समोर माणूस असतो. प्रोग्रामरचंही तसंच, त्याचा बराचसा वेळ दुसऱ्या कोणीतरी कधीकाळी लिहिलेला कोड वाचण्यात जातो, मग एखादा बग, म्हणजे कोडमधली चूक, शोधत दोन-दोन दिवस बसायचं आणि शेवटी कळतं की एका ठिकाणी टाइमझोन चुकलाय. तिथे कोणी "डॉक्टर, बरं वाटलं हो" म्हणायला येत नाही. म्हणून मला कोणी विचारलं की मी उलट विचारते, यातला कुठला कंटाळा तुला वर्षानुवर्षं झेपेल? थरार दोन्हीकडे आहे, तो सगळ्यांनाच आवडतो, त्यावरून काहीच ठरत नाही.

दुसरा प्रश्न चुकांचा, हातून चूक झाली तर काय. कोडमध्ये चूक झाली तर बहुतेक वेळा मागे जाता येतं, जुनं व्हर्जन परत लावा, तीच चूक पुन्हा होत नाही ना हे तपासणारी टेस्ट लिहा, पुन्हा टाका. शिकायची पद्धतच मुळी चुकत चुकत शिकण्याची आहे. वॉर्डमध्ये दिलेलं इंजेक्शन परत काढून घेता येत नाही. काही मुलं या जबाबदारीने आणखी सावध आणि शांत होतात, काही आतून पोखरली जातात, आणि यात हुशारीचा काही संबंध नाही, स्वभावाचा आहे.

पण म्हणून "इंजिनिअरच्या हातात कुठे कोणाचा जीव असतो" असं जे सर्रास बोललं जातं ना, ते साफ खोटं आहे. थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरवर रेडिएशन देणारं मशीन होतं. १९८५ ते १९८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात त्यातून सहा पेशंटना भयंकर जास्त डोस गेला, काही जण त्यात गेले. आधीच्या मॉडेलमध्ये असा डोस अडवायला हार्डवेअरचे इंटरलॉक, म्हणजे मशीनमध्येच बसवलेले अडसर होते, यात ते काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता, आणि ऑपरेटरने स्क्रीनवरची नोंद काही सेकंदांत पटकन दुरुस्त केली की प्रोग्राम आणि मशीन यांचा मेळ चुकायचा. मशीन बनवणाऱ्यांना हा घोटाळा सापडत नव्हता, टेक्सासमधल्या एका हॉस्पिटलच्या फिजिसिस्टने, म्हणजे रेडिएशनचं काम बघणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने, ऑपरेटरला सोबत घेऊन, तितक्याच वेगाने टाइप करून करून तो पुन्हा घडवून दाखवला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्याने तो कोड लिहिला त्याने त्या पेशंटचे चेहरे बहुधा पाहिलेही नसतील. जबाबदारी दोन्हीकडे आहे, फक्त डॉक्टरला ती समोर दिसते आणि इंजिनिअरला ती न दिसताही जाणवावी लागते, आणि हे दुसरं मला तरी जास्त अवघड वाटतं.

आता हल्ली सगळे एआयवर येतात. २०१६ मध्ये एआयमधले नावाजलेले शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन जाहीरपणे म्हणाले होते की रेडिऑलॉजिस्टना, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना, ट्रेनिंग देणं आत्ताच बंद करायला हवं, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. माणूस लहान नाही, २०२४ चं फिजिक्सचं नोबेल त्यांना मिळालं. पण रेडिऑलॉजिस्ट आजही हवेच आहेत, आणि उलट कोड लिहून देणारी टूल्स आल्यावर नोकरीची काळजी करायची वेळ प्रोग्रामर्सवर आली. एवढ्या मोठ्या माणसाचा अंदाज असा चुकू शकतो, तर नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या "हे फील्ड संपलं" वाल्या मेसेजवरून अठराव्या वर्षी आयुष्य कशाला ठरवायचं? मेडिकलला गेलात तर स्पेशलिस्ट होईपर्यंत सहज दहा वर्षं जातात आणि तेवढ्या लांबचं कोणालाच दिसत नाही.

या वर्षांवरून आठवलं, दोन्हीकडचे दरवाजे सारखे नाहीत हे मुलांना कोणी सांगतच नाही. डॉक्टर झाल्यावर कोडिंग शिकता येतं, रात्री घरी बसून सुद्धा. एडवर्ड शॉर्टलिफ यांनी १९७० च्या दशकात स्टॅनफर्डला मेडिकल शिकता शिकताच मायसिन हा इन्फेक्शन ओळखून औषध सुचवणारा प्रोग्राम बनवला होता. उलटं होत नाही, इंजिनिअरिंग करत करत फावल्या वेळात डॉक्टरकी कोणी शिकू शकत नाही, लायसन्स लागतं, वॉर्डमधली वर्षं लागतात. मग पालक लगेच म्हणतात, "बघ, म्हणून आधी मेडिकल घेऊन ठेव." हे मला अजिबात पटत नाही. ज्याला पेशंट नकोच आहे त्याला पर्याय उघडा राहावा म्हणून साडेपाच वर्षं तिथे बसवणं हा त्या मुलावर अन्याय आहे, आणि पुढे त्याच्यासमोर येणाऱ्या पेशंटवरही.

आणि लोकांचं दुखणं दूर करायचंय पण रक्त बघवत नाही, अशी मुलं तर मला खूप भेटतात. त्यांना मी गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांचं सांगते. इलेक्ट्रिकल इंजिनिअर, डॉक्टर नव्हेत, सीटी स्कॅनर बनवला आणि १९७९ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, त्यामागची मूळ कल्पना १९७० च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांची, तेही इंजिनिअर. कोव्हिडमध्ये ते छोटं यंत्र घरोघरी पोचलं होतं. तेव्हा सेवा फक्त डॉक्टरच करतात हे डोक्यातून काढा.

ठरवण्याआधी एक करा. थोडे दिवस कुठल्यातरी हॉस्पिटलच्या ओपीडीबाहेर, ओळखीने असेल किंवा मदतनीस म्हणून असेल, पण जाऊन बसा, बघा. आणि एखादा छोटासा प्रोग्राम बनवून खरोखर कोणालातरी वापरायला द्या, घरच्यांना दिलात तरी चालेल, मग त्यांच्या तक्रारी येतील त्या महिनाभर दुरुस्त करत राहा. बनवताना मजा सगळ्यांनाच येते, तक्रारी निस्तरताना कसं वाटतं ते बघा.

ज्यांनी आधीच ॲडमिशन घेतलीय आणि आता नको वाटतंय, त्यांच्या आई-बाबांना एक कळकळीची विनंती. लगेच ओरडू नका आणि लगेच सोडायलाही लावू नका. नक्की काय नको वाटतंय ते शांतपणे विचारा. पाठांतर, परीक्षा, झोप न मिळणं, हॉस्टेल, यातलं काही असेल तर त्यावर मार्ग निघतो, वर्षं सरली की बरंचसं मागे पडतं. पण पेशंटजवळ जायचीच इच्छा होत नाही असं मूल म्हणत असेल तर त्याला पहिल्या-दुसऱ्या वर्षातच बाहेर पडू द्या, फी गेली तरी चालेल.