पोंत्रेसिनाचा पूल कुणी फेकलेला नाही

आत्या लेकीकडे झुरिकला निघाली आहे आणि नेमका आत्ताच तिच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड आला: ‘प्लास्टिकचे पादचारी पूल थंडीत बादलीसारखे तडकतात, पाच वर्षांत कुजतात, चालताना हलतात. पोंत्रेसिनाचा पूल तर स्विस लोकांनी उचलून फेकला. लोखंडच खरं!’ आता ती म्हणते, तिकडे पुलावर पाय ठेवायचा नाही.

अहो, स्वित्झर्लंडमधल्या पोंत्रेसिना गावचा तो पूल दरवर्षीच उचलतात! बर्फ वितळलं की फ्लाझ नदीला पूर येतो, म्हणून वसंतात काढायचा आणि शरदात परत बसवायचा. काचतंतूंचा, म्हणजे काचेचे बारीक तंतू घातलेल्या प्लास्टिकचा, असल्यामुळेच हे जमतं. साडेबारा मीटरचे दोन गाळे, दोन्ही मिळून वजन जेमतेम 3.3 टन. 1997 साली बांधला तेव्हा मुद्दाम एक गाळा बोल्टांनी जोडला, दुसरा नुसत्या चिकटद्रव्याने. लोझानच्या तंत्रविद्यापीठातले संशोधक थॉमस केलर यांच्या चमूने 8 वर्षांनी आणि पुन्हा 17 वर्षांनी त्यावर भार ठेवून मोजमाप घेतलं. ताठपणात लक्षणीय फरक नाही. कुठेकुठे चिरा होत्या, पृष्ठभागावर तंतू उघडे पडले होते, हेही त्यांनी नोंदवलं. याला कुजणं म्हणत असाल तर म्हणा.

बादली पॉलिप्रॉपिलीन नावाच्या साध्या प्लास्टिकची. ते शून्याच्या आसपास ठिसूळ व्हायला लागतं आणि त्यात तंतूही नसतात. पुलातल्या तंतूंना बांधून ठेवणारं पॉलिएस्टर रेझिन एकदा घट्ट झालं की नेहमीच्या तापमानालाही कडकच असतं, आणि भार पेलतात ते काचेचे तंतू. थंडीने त्यांचं काय बिघडणार? खरा धोका पाण्याचा. पुलाच्या पोकळ नळीत किंवा कापलेल्या टोकातून शिरलेलं पाणी गोठून फुगतं, आणि गोठण-वितळण चालू राहिलं की चिरा वाढतात. म्हणून टोकं रेझिनने बंद करायची, नळीतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवायची.

आणि ‘लोखंडच खरं’? 31 जानेवारी 1951 ला कडाक्याच्या थंडीत क्वेबेकमधला पोलादी ड्युप्लेसी पूल कोसळला. पोलाद ठिसूळ होऊन तुटलं होतं. आजचं पोलाद बरंच सुधारलंय, पण थंडीत ठिसूळ होण्याचा आरोप काचतंतूंवर करायचा म्हणजे कमालच.

हलण्याचा मुद्दा मात्र, मान्य, अर्धा खरा. काचतंतूंच्या या प्लास्टिकचा ताठपणा पोलादाच्या आठव्या-दहाव्या हिश्शाइतका, त्यात पूल हलका. म्हणून आकडेमोडीत तुटण्याआधी वाकण्याची आणि कंपनांची काळजी करावी लागते. पायाखाली थोडं जाणवेल, आत्या. कठडा धर आणि चाल.