‘२१ दिवसांत मधुमेह मुळापासून’: त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘शुगर निघाली? घाबरू नका. गहू आणि भात विष आहे, आजच बंद करा. ज्वारी, बाजरी, नाचणी पोटभर खा. साखरेऐवजी गूळ आणि मध घ्या. आठवड्याभरात गोळ्या सोडा. २१ दिवसांत कोणताही मधुमेह मुळापासून जातो. डॉक्टर हे सांगत नाहीत, कारण त्यांचा धंदा बुडेल.’

माझ्या मामांनी हा मेसेज मनावर घेतला. वय ५४, बार्शीकडची शेती, नुकतंच निदान झालेलं. उपाशीपोटी साखर १८६, तीन महिन्यांची सरासरी ८.९ टक्के. त्यांचं काय झालं ते पुढे सांगते. पण आधीच सांगून ठेवते, कर्बोदकं, म्हणजे जेवणातलं पिष्ट आणि साखर, कमी करायला माझा विरोध नाही. टाइप २चं, म्हणजे सहसा मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहाचं, निदान नुकतंच झालेल्या माणसाला जेवणातून करता येण्यासारखं जे काही आहे, त्यात हा उपाय फार वरचा आहे. साखर खरंच उतरते, आणि म्हणूनच सोबत चालू असलेल्या गोळ्यांचा हिशेब त्याच दिवशी करावा लागतो. मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.

‘२१ दिवसांत मुळापासून’ हे तर तपासताही येणार नाही. एचबीएवनसी म्हणजे आपण ज्याला तीन महिन्यांची साखर म्हणतो, ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते. तीन आठवड्यांत तिचं पूर्ण चित्र येतच नाही. शिवाय तज्ज्ञ ‘बरा झाला’ असा शब्द वापरत नाहीत. २०२१मध्ये अमेरिका, युरोप आणि ब्रिटनमधल्या मधुमेह संघटनांनी मिळून ‘रेमिशन’ची व्याख्या ठरवली: साखरेची सगळी औषधं थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली असणं. रेमिशन म्हणजे विराम. वजन परत चढलं की साखरही परत येऊ शकते.

असा विराम मिळतो का? हो, मिळतो. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरीच दिल्या. वर्षअखेरीस त्यांतले ४६ टक्के लोक विरामात होते, दोन वर्षांनी ३६ टक्के. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात पहिल्या वर्षी हे प्रमाण ८६ टक्के होतं. आणि त्या आहारात निम्म्याहून जास्त कॅलरी कर्बोदकांच्याच होत्या! तिथे काम केलं ते उतरलेल्या वजनाने. कमी कर्बोदकांच्या आहारावरच्या चाचण्यांतही पहिल्या सहा महिन्यांत चांगला फायदा दिसतो, वर्षाकडे जाताना तो ओसरतो. लोकांना तो आहार टिकवता येत नाही हे त्याचं एक मोठं कारण.

आता गहू विष आणि ज्वारी अमृत. मामा नेमके इथेच फसले. शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात, ज्वारीत, बाजरीत किंवा नाचणीत कर्बोदकं साधारण ६० ते ७० ग्रॅमच असतात. चोथासुद्धा चोकरासकटच्या कणकेत आणि ज्वारीत जवळपास सारखाच, दहा-अकरा ग्रॅम. वेगळा आहे तो पांढरा तांदूळ: कर्बोदकं ७८, चोथा तीनच्या आत. म्हणजे भात कमी करा या सल्ल्यात तथ्य आहे, पण चपाती सोडून ‘पोटभर’ भाकरी खा यात काही नाही. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर तिच्यातून ४० ग्रॅम कर्बोदकं जातात. मामा दोन्ही वेळा तीन-तीन भाकरी खात, म्हणजे नुसत्या भाकरीतून २४० ग्रॅम. वैद्यकीय अभ्यासांत ‘कमी कर्बोदकं’ म्हणतात ते दिवसभराचं सगळं मिळून १३० ग्रॅमच्या आत. पंधरा दिवस ज्वारीवर काढले तरी घरच्या मशीनवर साखर १७०-१८०च येत होती. मला ज्वारी प्रिय आहे, आमच्या घरी तीच शिजते. पण धान्य बदलून भागत नाही, ताटातलं धान्य कमी करावं लागतं. रिकामी झालेली जागा पालेभाजी, उसळ, अंडी, मासे, पनीर यांनी भरावी लागते. उपवासाला साबुदाणा खाणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

गूळ आणि मध यांच्यावर जास्त लिहायची गरज नाही. शंभर ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम कर्बोदकं, मधात ८०च्या आसपास, आणि ती बहुतेक सगळी साखरच.

गोळ्यांचा मुद्दा मात्र जिवावर बेतणारा आहे. साखर उतरेना म्हणून चिडून मामांनी भाकरीच बंद केली. मामीच्या धाकाने गोळी मात्र चालू ठेवली. ती मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली होती. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. तिसऱ्या दिवशी सकाळी गोळी, काकडी आणि ताक घेऊन मामा रानात गेले. अकराच्या सुमारास दरदरून घाम, हातपाय लटपटायला लागले, बोलणं बरळल्यासारखं. गड्याने घरी आणलं, मामीने मशीन लावलं: ५२. सत्तरच्या खाली गेलं की धोका. शुद्ध होती म्हणून तीन चमचे साखर पाण्यातून देता आली. ते एकटे विहिरीवर असते तर काय झालं असतं, हा विचार अजून माझी झोप उडवतो.

हाच धोका इन्सुलिन घेणाऱ्यांनाही आहे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कर्बोदकं फार तोडली तर मशीनवर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणं. अशा वेळी थेट दवाखाना गाठावा. आणि ‘कोणताही मधुमेह’ हे शब्द तर कुणीही पुढे पाठवू नयेत. टाइप १च्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो.

राहिलं ‘डॉक्टर सांगत नाहीत’. १९२२मध्ये पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी डॉक्टरांकडे कर्बोदकं तोडणं आणि उपाशी ठेवणं यापलीकडे फारसं काही नव्हतंच. अमेरिकी मधुमेह संघटनेने २०१९च्या अहवालात कर्बोदकं कमी केल्याने साखर सुधारते याला सर्वांत जास्त पुरावा आहे, असं उघड लिहिलं. आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी अभ्यासातून २०२२मध्ये नव्या रुग्णांसाठी आकडाही सुचवला गेला: ४९ ते ५४ टक्के कॅलरी कर्बोदकांतून, १९-२० टक्के प्रथिनांतून. पाच मिनिटांच्या तपासणीत हे सगळं सांगितलं जात नाही, ही तक्रार माझीही आहे. पण ती कारस्थानाची नाही, वेळेची आहे.

मामांचं ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी थांबवलं, मेटफॉर्मिन ठेवलं. जेवणात एक भाकरी, मोजलेल्या पिठाची. चार महिन्यांत वजन सहा किलो उतरलं, एचबीएवनसी ६.८ आलं.

तुमच्या घरी या आठवड्यात कुणाला मधुमेह निघाला असेल, तर मेसेज बाजूला ठेवा. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि विचारा: ‘मी भाकरी-भात निम्मा करतोय. यातली कोणती गोळी कमी करायची, आणि साखर किती वेळा मोजायची?’