खुलासा: सेन्सर बसवले म्हणून तुटलेली तार सुरक्षित होत नाही

वीजवाहिन्यांवर आणि रोहित्रांवर (ट्रान्सफॉर्मरवर) सेन्सर बसवले की पुरवठा खंडित होणारच नाही आणि तुटलेल्या तारेतला प्रवाह आपोआप थांबेल, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याचा दुसरा भाग तर जिवावर बेतू शकतो.

तारेवर अडकवलेला दोषदर्शक, म्हणजे बिघाड दाखवणारा सेन्सर, अचानक वाढलेला प्रवाह ओळखतो आणि त्याचा दिवा लुकलुकू लागतो. शेवटचा लुकलुकणारा दर्शक आणि त्यापुढचा न पेटलेला दर्शक यांच्या दरम्यान बिघाड आहे, एवढे त्यावरून कळते, त्यामुळे कर्मचाऱ्यांना सगळी लाईन पायी तपासावी लागत नाही. हा फायदा मोठाच आहे. रोहित्रावरच्या सेन्सरमुळे त्याचे वाढते तापमानही वेळीच लक्षात येते. हे महत्त्वाचे आहे, कारण रोहित्राच्या आतल्या साध्या कागदी इन्सुलेशनची (विद्युतरोधक आवरणाची) झीज सर्वाधिक तप्त भागाचे तापमान 6 अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होते.

प्रवाह तोडण्याचे काम मात्र रिले (बिघाड ओळखून ब्रेकरला प्रवाह तोडायला सांगणारे उपकरण), सर्किट ब्रेकर आणि फ्यूज यांचे. तार कोरड्या जमिनीवर किंवा डांबरी रस्त्यावर पडली, तर जमिनीत जाणारा प्रवाह इतका कमी असू शकतो की दोषदर्शक आणि रिले या दोघांनाही तो नेहमीच्या भारासारखाच वाटतो. म्हणून पडलेली तार जिवंतच समजावी, तिच्यापासून लांब राहावे, इतरांनाही लांब ठेवावे आणि वीज कंपनीला तातडीने कळवावे.